नाकापेक्षा जाळी जड

मराठी माणसाच्या देहात नाकाइतका मानाचा अवयव दुसरा नाही. ते वर असलं की घराणं वर, कापलं गेलं की घराणं खाली. आपण ते दुसऱ्याच्या संसारात खुपसतो, नव्या सुनेच्या आमटीला मुरडतो, आणि शेजाऱ्यानं गाडी घेतली की त्याच्या नाकावर टिच्चून त्याहून हातभर लांब गाडी घेतो. काही मंडळी तर नाकानं कांदेसुद्धा सोलतात. एवढ्या उलाढाली करणाऱ्या या अवयवाचं मूळ काम श्वास घेणं हे आहे, याची आठवण आपल्याला ते चोंदल्यावरच होते.

आणि हल्ली ते फार चोंदतं. पूर्वी माणसाला पडसं व्हायचं. पडसं म्हणजे पाहुणा. यायचा, चार दिवस राहायचा, आल्याचा काढा पिऊन निघून जायचा. आता पडसं कुणालाच होत नाही, सगळ्यांना ॲलर्जी असते. ॲलर्जी म्हणजे पागडीचा भाडेकरू. एकदा आत शिरला की निघायचं नाव नाही, उलट दर पावसाळ्यात दुरुस्तीचा खर्च तुमच्याच माथी.

तर या भाडेकरूला काढण्यासाठी आजचा मध्यमवर्गीय माणूस जातो कुठं? डॉक्टरकडे? छे! तो एसीच्या दुकानात जातो. तिथं भिंतीवर टांगलेल्या पंचवीस यंत्रांकडे मान वर करून बघतो आणि विचारतो, "यात ॲलर्जीसाठी चांगला फिल्टर कुठला?" माझं भांडण आहे ते या प्रश्नाशी.

आमच्या सौभाग्यवतींना सकाळी उठल्यावर एका दमात अकरा शिंका येतात. (मोजायला मी रिकामाच असतो.) त्यामुळे एसी घ्यायची वेळ आली तेव्हा आमचीही वरात अशाच एका दुकानात गेली. तिथल्या चुणचुणीत पोरानं एकेका यंत्राचं तोंड उघडून आतल्या चिंध्या दाखवायला सुरुवात केली. "काका, यात चांदीचा फिल्टर आहे. यात ग्रीन टीचा. हा व्हिटॅमिन सीचा. आणि हा सात थरांचा, फुल फॅमिली प्रोटेक्शन!" मला क्षणभर वाटलं, आपण चुकून आयुर्वेदिक काढ्यांच्या दुकानात शिरलो. चहा, चांदी आणि जीवनसत्त्व एवढं सगळं जर भिंतीवर असेल, तर जेवायला तरी घरी कशाला जायचं?

मी त्याला विचारलं, "हा फिल्टर किती मायक्रॉनपर्यंतची धूळ अडवतो?"

"सगळ्याच मायक्रॉनची अडवतो, काका."

"आणि या पट्टीशेजारून जी हवा जाते ती?"

पोरानं माझ्याकडे पाहिलं आणि मग हिच्याकडे वळून म्हणाला, "काकू, यात वायफायपण आहे."

इथं जरा मूळ पुरुषापासून सुरुवात करायला हवी. १९०२ साली विलिस कॅरियर नावाच्या पंचवीस वर्षांच्या अमेरिकन इंजिनिअरनं पहिल्या आधुनिक वातानुकूलनाचा आराखडा केला, तो कुणाच्या नाकासाठी? कुणाच्याच नाही. ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी! दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंगीत छपाईतला एक रंग दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचा. कॅरियरला कागदाची काळजी होती. माणसाला गार वाटलं हा वरकड फायदा. म्हणजे एसी हा जन्मानंच कागदाचा मित्र आहे. त्याच्याकडून वैद्यकीची अपेक्षा ठेवणं म्हणजे धोब्याकडून जावळ काढून घेण्यासारखं आहे.

बरं, आपल्या घरातला भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतो, असाही एक गोड समज आहे. तो काही आणत-बिणत नाही. तो खोलीतलीच हवा वरच्या बाजूनं ओढतो, गार नळ्यांवरून फिरवतो आणि खालून परत तुमच्याच अंगावर सोडतो. मग वर ती जाळी कशाला? तर यंत्राच्या तब्येतीसाठी. आतल्या नळ्यांवरच्या पातळ पत्र्यांत धूळ अडकली तर यंत्राचं नाक चोंदतं, म्हणून! ती जाळी त्याची आहे, तुमची नव्हे. हॉटेलात वेटरच्या खांद्यावर फडकं असतं ते टेबलासाठी. ते बघून गिऱ्हाइकानं तोंड पुढं करायचं नसतं.

आता थोडा हिशेब. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा. परागकण दहा ते शंभर मायक्रॉनचे. उदबत्तीच्या, फटाक्यांच्या धुराचे कण अडीच मायक्रॉनच्याही खाली. साध्या प्लास्टिकच्या जाळीची भोकं तर डोळ्यांनी दिसतात. तीत केस अडकतात, कापसाचे पुंजके अडकतात, एखादा गाफील डास अडकतो. धूर तिच्यातून असा जातो, जसा आमदार टोलनाक्यावरून.

"पण वर बारीक फिल्टरची पट्टी असते ना!" असते. बोटभर रुंदीच्या दोन पट्ट्या, हातभर जाळीवर चिकटवलेल्या. हवा ही मराठी संसारी माणसासारखी आहे, कमीत कमी त्रासाचा रस्ता धरणारी. पट्टीतून घुसमटत जाण्यापेक्षा ती शेजारच्या उघड्या जाळीतून जाते. पुढच्या दाराला सात कुलपं आणि मागचं दार सताड, असा हा बंदोबस्त. त्यात पट्टीचं आयुष्य काही महिन्यांचं. ती बदलायची असते हे माहितीपुस्तकात लिहिलेलं असतं, आणि माहितीपुस्तक कुठं आहे हे घरात कुणालाच माहीत नसतं.

माझे एक चुलतबंधू न्यू जर्सीत असतात. दर दोन वर्षांनी ते भारताची अवस्था बघायला येतात. हिच्या शिंका ऐकून गेल्या खेपेला ते येताना बॅगेतून एक पुठ्ठ्याच्या चौकटीतला, घडीघडीचा, पंख्यासारखा फिल्टर घेऊन आले. सोळा इंच बाय पंचवीस इंच बाय एक इंच. त्यावर मोठ्या अभिमानानं 'मर्व्ह १३' असं छापलेलं. मर्व्ह हे तिकडचं फिल्टर मोजण्याचं माप आहे, एक ते सोळा. तेरा नंबरवाला धुरासारख्या अगदी बारीक, म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनच्या, कणांतले निम्मे तरी अडवतो. परागकणांसारखे मोठे तर जवळजवळ सगळेच. वस्तू खरोखर उत्तम. पण दादांच्या घरी तळघरात एक मोठा पंखा आहे. तो घरभर पत्र्याच्या बोगद्यांतून हवा फिरवतो, आणि त्या बोगद्याच्या तोंडाशी या फिल्टरसाठी खास खाच आहे. आमच्याकडे तळघर नाही, बोगदा नाही, आणि खाच आहे ती फक्त देवघराच्या कोनाड्यात. "असं कसं तुमच्याकडे डक्ट नाही?" असं ते मला विचारू लागले, जणू मी तो विकून खाल्ला.

आम्ही तो फिल्टर माळ्यावर ठेवला. पण त्याची वार्ता वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरसाहेबांना लागली. निवृत्त इंजिनिअर आणि रिकामी कात्री एका घरात असू नयेत. त्यांनी तो मागून नेला, कापला आणि एसीच्या जाळीवर गच्च बसवला. दोन तास यंत्र चाललं. भिंतीवरच्या त्या छोट्या पंख्याला एवढी जाड घडी ओढवेना. हवा कमी झाली, नळ्या गोठणबिंदूखाली गेल्या, त्यांच्यावर बर्फ साचला. रात्री यंत्र बंद केल्यावर तो वितळला आणि पाणी थेट खालच्या पलंगावर. साहेब झोपेतच म्हणाले म्हणे, "गळती आमच्या खात्याची नाही."

पण ही सगळी फिल्टरची रामायणं ज्या राक्षसासाठी चालली आहेत तो राहतो कुठं, हे तर आपण विचारलंच नाही. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांनी घरातल्या धुळीतला खरा गुन्हेगार शोधला. डस्ट माइट. हा कोळ्याच्या दूरच्या नात्यातला जीव, लांबी जेमतेम पाव मिलिमीटर. आपल्या अंगाची जी कातडी झडते ती खाऊन गादीत, उशीत, सोफ्यात सुखानं नांदतो. चावत नाही, दिसत नाही, आवाज करत नाही. भाडेकरू म्हणून खरं तर आदर्श. आपलं नाक भडकतं ते त्याच्या विष्ठेनं. आणि ही विष्ठा जड असते. गादी झटकली की उडते आणि थोड्या वेळात परत खाली बसते. ती हवेत तरंगत, सात फूट वर चढून, एसीच्या चांदीच्या फिल्टरला दर्शन द्यायला जात नाही. रात्रभर तुमचं नाक असतं उशीत, चोर असतो उशीत, आणि पहारेकरी नेमलाय भिंतीवर!

याच्यावरचा उपाय दुकानात टांगलेला नसतो, म्हणून तो कुणी सांगत नाही. चादरी आणि उशांचे अभ्रे आठवड्यातून एकदा साठ अंशांच्या पाण्यात धुवा; गार पाण्यात त्या जिवाची फक्त अंघोळ होते. गादीला आणि उशीला घट्ट विणीचं, चेन असलेलं बंद कव्हर घाला. केर काढताना झाडू फटाफट मारून धूळ एका खोलीतून दुसरीत पाठवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. आणि हवा कोरडी ठेवा. हा जीव पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो. ओलावा पन्नास टक्क्यांखाली गेला की त्याचे हाल सुरू होतात. आपल्या आज्या वैशाखात गाद्या-गोधड्या गच्चीवर उन्हात टाकायच्या आणि संध्याकाळी काठीनं बडवायच्या, त्यांना माइटचं लॅटिन नाव ठाऊक नव्हतं. पण त्यांनी ऊन दाखवलं. आपण आता गच्चीवर मोबाईलचा टॉवर बसवलाय आणि खाली चहाचा फिल्टर शोधतोय.

एसीची खरी कामगिरी असेल तर ती इथं. तो हवेतलं पाणी काढतो, म्हणून मुंबईच्या पावसाळ्यात थोडा वेळ लावला तर गादी कोरडी राहायला मदत होते. खिडक्या बंद ठेवू देतो, म्हणून बाहेरचे परागकण बाहेर राहतात. १९५५ च्या सुमारास पुण्यात ज्याची पहिली नोंद झाली आणि जे पुढं सगळ्या देशात पसरलं ते गाजरगवत खिडकीबाहेर फुललं असेल, तर बंद खिडकी हाच सगळ्यात स्वस्त फिल्टर. कबुतरांचंही तेच. २०२५ साली मुंबईत त्यांच्या दाण्यापाण्याचं भांडण उच्च न्यायालयापर्यंत गेलं, पण आपल्या एसीच्या बाहेरच्या पेटीवर त्यांनी थाटलेला संसार उठवायला न्यायमूर्ती येणार नाहीत. तिथं जाळी लावा. ती जाळी नाकाच्या खरी उपयोगी.

तुम्ही म्हणाल, म्हणजे फिल्टर सगळेच थोतांड? मुळीच नाही. घरात मांजर असेल, तिचे कण फार हलके असतात, ते तासन् तास हवेत राहतात. शेजारी इमारतीचं बांधकाम असेल, दिवाळीचा धूर असेल, तर खरा फिल्टर खरंच उपयोगी पडतो. पण तो एसीत नसतो, वेगळ्या यंत्रात असतो आणि त्याचं नाव हेपा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सारी कण अडवण्यासाठी जे फिल्टर केले त्यांच्या वंशातला हा. ०.३ मायक्रॉनचे शंभरातले ९९.९७ कण त्यानं अडवायचे, हे त्याचं कुळशील. मात्र खोक्यावर 'हेपासारखा' असं लिहिलं असेल तर दुकान सोडा. तुपासारखं म्हणजे तूप नव्हे.

मग विचारायचे प्रश्न दोनच. यंत्र तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा देतं? याला सीएडीआर म्हणतात आणि हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. बारा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे चौतीस घनमीटर. तासात पाच वेळा हवा गाळून निघावी म्हटलं तर एकशे सत्तरच्या आसपास आकडा हवा, आणि दार बंद हवं. दुसरा प्रश्न, नवीन फिल्टर कितीला पडतो? कारण यंत्र ही नवरी आणि फिल्टर हे दरसालचे सणवार. 'आयन सोडतो, हवा ताजी करतो' असं कुणी म्हणालं तर ओझोन किती सोडतो तेही विचारा. ओझोन छातीला जाचतो. म्हणूनच कॅलिफोर्नियानं २००७ साली घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर ०.०५ पीपीएमची मर्यादा घालणारा नियम केला.

आणि हे सगळं करून झाल्यावर यंत्राखाली उदबत्ती लावू नका! मी अशी घरं पाहिली आहेत, जिथं कोपऱ्यात महागडं यंत्र, त्याच्या डोक्यावर लाल दिवा लागलेला, ते बिचारं जीव तोडून घरघरतंय, आणि शेजारी धूप, कापूर आणि डासांची कॉइल अशी त्रिवेणी. वर यजमान कौतुकानं सांगतात, "बघा, धूर झाला की आपोआप जोरात चालतं!" चालणारच. देवाला हात जोडले तरी पोचतात, पण हा मुद्दा घरी काढायचा असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर काढा.

राहता राहिली एसीची जाळी. ती धुवायची. दर पंधरा दिवसांनी. स्टुलावर चढायचं, झाकण उघडायचं, जाळी अलगद काढायची, नळाखाली धरायची, सावलीत पूर्ण वाळवायची आणि मग बसवायची. ओली बसवलीत तर आत बुरशी धरते आणि पहिल्या झुळकेलाच कुबट वास येतो, बंद गोदामातल्या सतरंजीचा असतो तसा. आतल्या नळ्या आणि पाण्याचं पन्हाळं वर्षातून एकदा-दोनदा कारागिराकडून साफ करून घ्यायचं. पाच रुपयांचं पाणी आणि दहा मिनिटांची मेहनत. यात कुठंही वायफाय लागत नाही.

पण धुणार कोण? इथं माझा आवाज चढतो. बहुतेक घरांत ज्या बाईला शिंका येतात, तीच नाकाला पदर लावून जाळी काढते, तीच गादी झटकते, माळ्यावरचे डबे तीच खाली घेते, आणि मग रात्रभर तीच खोकते. कर्ते पुरुष सोफ्यावर बसून मोबाईलवर 'सर्वोत्तम दहा फिल्टर' बघत असतात. माझा साधा कायदा आहे. ज्याला ॲलर्जी आहे त्यानं जाळीला हात लावायचा नाही, गादी झटकताना त्या खोलीत थांबायचंही नाही. पुरुषांना स्टुलावर चढता येतं. निवडणुकीत गल्लीभर पताका लावताना मी त्यांना चढलेलं पाहिलं आहे.

आता एक गोष्ट, जी सांगताना मला विनोद सुचत नाही. आमच्याच इमारतीत सात वर्षांचा एक मुलगा आहे. त्याला दमा आहे. डॉक्टरांनी रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा पंप दिला होता. घरच्यांनी मोठा एसी घेतला, सात थरांचा, आणि पंप बंद केला. "आता हवाच शुद्ध झाली, शिवाय पंपाची सवय लागते." मग सप्टेंबरातल्या एका रात्री दोन वाजता जिन्यात धावपळ ऐकू आली. आई त्याला उचलून उतरत होती, बाप पुढं रिक्षा बघायला धावला होता. ते पोर एका वाक्यात तीनच शब्द बोलू शकत होतं आणि प्रत्येक शब्दाच्या मध्ये शिट्टी वाजत होती. वर त्यांच्या घरात चांदीचा फिल्टर चालूच होता. पोर वाचलं, आता शाळेतही जातं. पण ती शिट्टी मी विसरलेलो नाही.

पंपाची सवय लागत नाही. चष्म्याची सवय लागते असं आपण म्हणतो का? पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट छातीत जातं. आपल्याला गोळी चालते, काढा चालतो, इंजेक्शन तर फारच आवडतं. फक्त पंप म्हटला की 'पोरीचं लग्न कसं जमेल' इथपर्यंत चर्चा जाते. मग लाज झाकायला भिंतीवर यंत्र येतं. फिल्टर विकणाऱ्यावर माझा राग आहे तो त्यानं पैसे घेतले म्हणून नाही. पैसे सगळेच घेतात. राग आहे तो त्यानं औषधाची जागा घेतली म्हणून. पंप कमी करायचा की थांबवायचा, हे डॉक्टर ठरवतील. सेल्समन नाही, मेहुणा नाही, आणि विनोदी लेखकही नाही.

तेव्हा मंडळी, दुकानात जा, पण यंत्र गारव्यासाठी घ्या. वीज कमी खाणारं घ्या, आवाज कमी करणारं घ्या, आणि ज्याची जाळी एका हातानं सहज निघते ते घ्या. हाच माझ्या मते ॲलर्जीवाल्यासाठी सर्वोत्तम फिल्टर. जो धुतला जाईल तो. चहा प्यायचा, चांदी लॉकरमध्ये ठेवायची, आणि वाचलेल्या पैशांत गादीला कव्हर आणायचं.

एवढं लिहून मी लेख हिला वाचायला दिला. ती शांतपणे शेवटपर्यंत वाचत गेली. मध्ये दोनदा शिंकली. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "छान झालाय. आज पंधरावा दिवस आहे. स्टूल गॅलरीत आहे."